गाढविणीचं दूध आणि मे महिन्याचं ऊन

काही वर्षांपूर्वी उमरगा शहरात गाढविणी घेऊन फिरणाऱ्या दूधविक्रेत्यांची बातमी गाजली होती. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत दूध काढायचं आणि चमच्यानं मोजून द्यायचं. दहा मिलिलिटरच्या चमच्याला १०० रुपये, म्हणजे लिटरला १०,००० रुपये. घेणारे बहुतेक आईबाप होते. पोराचा कफ सुटेल, खोकला जाईल या आशेनं ते पैसे मोजत होते. पण गाढविणीच्या दुधाचं नाव निघालं की दुसरी एक गोष्टही ओघानं निघते. हे दूध तोंडाला चोळलं की सुरकुत्या जातात, राण्या त्यानं न्हात असत, वगैरे.

ही समजूत निदान दोन हजार वर्षांची आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी यानं आपल्या निसर्गविषयक ग्रंथात ती नोंदवून ठेवली आहे. गाढविणीच्या दुधानं चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जातात असं मानतात, असं तो लिहितो. सम्राट नीरोची बायको पॉपिया हिच्या स्नानासाठी गाढविणींचे कळप बाळगले जात, हेही तो सांगतो. हा प्लिनी इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी नातं सांगणारी हस्तिदंती मूर्ती आपल्या धाराशिव जिल्ह्यात, तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. पॉम्पेईची ती मूर्ती आरशाची मूठ असावी, असं काही अभ्यासक मानतात. तेर म्हणजे जुनं तगर. रोमशी चालणाऱ्या व्यापारातलं ते मोठं नाव. एका टोकाला तगर आणि दुसऱ्या टोकाला पॉम्पेई, आणि आरशात बघून वय मोजण्याची काळजी दोन्हीकडे सारखीच असणार. या काळजीला मी हसणार नाही. आपला चेहरा आपल्याला ओळखीचा राहावा असं वाटण्यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे की त्यासाठी घरात जे केलं जातं त्यानं काय होतं, आणि काय बिघडू शकतं.

आधी दुधाचंच बघू. गाढविणीचं दूध पातळ असतं. त्यात स्निग्धांश गाईम्हशीच्या दुधापेक्षा पुष्कळ कमी आणि दुधातली साखर जास्त. ते तोंडाला लावलं की पाण्यानं कातडी ओली होते, प्रथिनांचा बारीक पापुद्रा बसतो आणि वाळताना तो थोडा आवळतो. एवढंच. दूध आंबलं की साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं, आणि या आम्लाचा सुरकुत्यांवर थोडाफार परिणाम खरोखर होतो, पण केव्हा? १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५ टक्के आणि १२ टक्के लॅक्टिक आम्ल तीन महिने लावून पाहिलं. ५ टक्क्यांनी वरच्या थरात फरक पडला, १२ टक्क्यांनी त्याखालच्या थरापर्यंतही पोचला. घरच्या दह्यात हे आम्ल साधारण एक टक्क्याच्या आसपास असतं. म्हणजे दह्याचा लेप निरुपद्रवी आहे, चेहरा मऊ करतो, आणि सुरकुतीपर्यंत पोचायला फार कमी पडतो.

ती सुरकुती असते कुठे, हे आता पाहायला हवं. आपल्याकडची वाकळ डोळ्यांसमोर आणा. वर दिसतं ते लुगड्याचं कापड, आत जुन्या चिंध्यांचे थर आणि सगळ्यांना धरून ठेवणारे टाके. वरचं कापड स्वच्छ धुतलं, कडक वाळवलं तरी आतले टाके उसवले असतील तर वाकळ गोळा होते, तिला घड्या पडतात. त्वचेचंही तसंच आहे. वरचा थर जेमतेम कागदाएवढा जाड. त्याखाली मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा जाड थर, आणि त्यात कोलॅजन व इलॅस्टिन या प्रथिनांचे धागे. कोलॅजन ताठपणा देतं, इलॅस्टिन ताणलेली कातडी जागेवर आणतं. तरुणपण ओसरू लागलं की कोलॅजन दरवर्षी थोडं थोडं घटत जातं, पाळी थांबल्यावर बायकांमध्ये ते झपाट्यानं घटतं. खरी सुरकुती या खालच्या थरात पडते.

वरच्या थराचीही एक सुरकुती असते, ती कोरडेपणाची. पौषात, हुरड्याच्या दिवसांत, मराठवाड्यातली कोरडी थंडी सुटली की अंग उलतं, गालावर बारीक जाळी दिसू लागते. ही जाळी ओलाव्यानं खरंच जाते. घरगुती उपायांची सगळी कीर्ती या जाळीवर उभी आहे. मध लावला, तो पाणी धरून ठेवतो. साय लावली, तिनं तूपकट थर दिला. कोरफडीचा गर लावला, गारवा आणि ओलावा मिळाला. अर्ध्या तासात आरशात फरक दिसतो आणि तो फरक खोटा नसतो. अंड्याचा पांढरा बलक वाळताना आकसतो, कातडी ताणली जाते, त्यामुळे तास-दोन तास डोळ्यांकडेच्या रेघा पुसट होतात. तोंड धुतलं की त्या परत येतात. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून तोंडाच्या, डोळ्यांच्या कडेला तो लावू नये हे बरं. आणि केळं, अंडं किंवा डबीतलं ‘कोलॅजन’ चोळून आतलं कोलॅजन वाढेल ही आशा सोडून द्यावी. साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाही. कोलॅजनचा रेणू जवळपास तीन लाख डाल्टनचा असतो. उंबऱ्यातून उंदीर जाईल, हत्ती जाणार नाही.

टाके उसवतात कशानं? वयानं उसवतात, हे खरं. पण वयाचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा लहान आहे. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. घरातल्या सत्तरीच्या आजीजवळ बसा, तिच्या दंडाची आतली बाजू बघा आणि मग तिच्या हाताचा पालथा पंजा बघा. माझ्या आजीची दंडाची कातडी अखेरपर्यंत नितळ होती. चेहऱ्यावर मात्र हनुवटीचं गोंदण सुरकुत्यांत हरवलं होतं. दोन्ही कातड्यांचं वय एकच. फरक होता पन्नास वर्षं खुरपणी-वेचणी करताना डोक्यावर असलेल्या उन्हाचा.

अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचं छायाचित्र २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात आलं होतं. वय ६९, गाडी चालवण्यात २८ वर्षं गेलेली. तिकडे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे खिडकीचं ऊन डाव्या गालावर. उजवा गाल वयाला साजेसा, डावा गाल मात्र खोल घड्यांनी भरलेला, जणू वीस वर्षं पुढे गेलेला. काच लावलेली असली तरी ऊन कसं पोचलं? उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार जमिनीपर्यंत येतात. कातडी भाजणारे किरण काचेत अडतात. त्यांच्याहून सौम्य वाटणारे, पण खोलवर जाणारे ‘अ’ प्रकारचे किरण बऱ्याच अंशी काचेतून पार होतात. ते खालच्या थरात पोचले की तिथे कोलॅजन कातरणारी विकरं जागी होतात. चटका बसत नाही, म्हणून कळतही नाही.

आता आपला जिल्हा घ्या. धाराशिव साधारण १८.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्यात १२ तारखेच्या सुमारास भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली नाहीशी होते. त्या दिवसांतलं अतिनील ऊन मोजपट्टीच्या सगळ्यात वरच्या गटात मोडतं. बालाघाटाच्या माथ्यावर झाडोरा विरळ, पाऊस बेभरवशाचा, आभाळ बराच काळ निरभ्र. पातळ ढग असले तरी यातले बहुतेक किरण खाली येतात, म्हणून सोयाबीन काढणीच्या दिवसांतलं मळभही सावलीसारखं धरता येत नाही. त्यात चूल. लाकडासारख्या घन इंधनावर स्वयंपाक करणाऱ्या चिनी स्त्रियांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या चेहऱ्यावर खोल वळ्या आणि हातावर बारीक सुरकुत्या अधिक आढळल्या. आपल्या बायकांच्या वाट्याला ऊन आणि धूर दोन्ही आले आहेत. त्यांच्या सुरकुत्यांना ‘निगा न राखल्याचा’ दोष देणाऱ्या जाहिराती म्हणूनच मला सहन होत नाहीत.

मात्र सावळ्या कातडीला एक देणगी आहे. तिच्यातलं मेलॅनिन किरण शोषतं, त्यामुळे गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याला सुरकुत्या उशिरा पडतात. याच देणगीची दुसरी बाजू अशी की कातडीला कुठेही दुखापत, भाजणं, आग झाली की त्या जागी काळा डाग राहतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. घरगुती उपाय करताना आपल्याकडे ही गोष्ट सगळ्यात आधी लक्षात ठेवायला हवी. फसलेल्या उपायाची किंमत आपण काळ्या डागांनी मोजतो.

सगळ्यात जास्त फसवतं ते लिंबू. निरोगी कातडी स्वतःच किंचित आंबट असते, पीएच साधारण पाचच्या आसपास. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीच. हा फरक अंकांत लहान दिसतो, पण या मोजपट्टीवर एकेक पायरी दहापटीची आहे, म्हणजे रस कातडीपेक्षा शेकडो पट आम्लधर्मी. जळजळ होते ती ‘असर होतोय’ म्हणून नव्हे, वरचा थर दुखावतो म्हणून. त्याहून वाईट गोष्ट उन्हात घडते. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की रासायनिक भाजणं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली, कधी फोड, आणि मग ओघळाच्या आकाराचा काळा डाग. परदेशी सल्ल्यात असतं ते मोठं पिवळं लिंबू. आपलं कागदी लिंबू याबाबतीत त्याहूनही तापदायक आहे. सकाळी फोड गालावर चोळून शेतात किंवा गाडीवर जाणं म्हणजे दुखणं घरात बोलावणं. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाचा, अल्कधर्मी. तो कातडीचं आम्ल कवच मोडतो. मिठाचे, साखरेचे खडे चोळणं, अक्रोडाची भरड, टूथपेस्ट, यांतल्या कशानंही सुरकुती जात नाही. सुजेमुळे कातडी थोडी फुगते आणि रेघ एक दिवस झाकली जाते, त्यालाच गुण समजतात.

हळदीबद्दल बोलताना मात्र हात जरा आखडता घ्यावा लागतो, कारण तिच्यात खरोखर काही आहे. कर्क्युमिन दाह कमी करतं, याचे प्रयोगशाळेतले पुरावे भरपूर आहेत. माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांवर मात्र त्याचे पुरावे तुटपुंजे आहेत, आणि कर्क्युमिन उजेडात झपाट्यानं विघटन पावतं. वसमतची चांगली हळकुंडं घरी दळून बेसनात चिमूटभर घातली तर बहुतेकांना काही अपाय नाही. सुट्या भुकटीत मेटॅनिल यलोसारखा रंग मिसळलेला असू शकतो, त्या भुकटीचा लेप देऊ नये. हळदीची ॲलर्जीही असते. थोडक्या जणांना असते, पण असते. तुळजापूरच्या बाजारात कुंकवाच्या राशी बघताना हे मला आठवतं. जुनं कुंकू हळदीला चुन्याचा, सवागीचा संस्कार करून लाल केलेलं असे. आज पुष्कळ कुंकवात कृत्रिम रंग असतात. अशा कुंकवानं कपाळावर खाज, पुरळ आणि पुढे करडा-काळा चट्टा उठतो, हे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी वारंवार नोंदवलं आहे. श्रद्धेला धक्का न लावता एवढं करता येतं की चट्टा दिसताच कुंकू बदलावं आणि डाग घालवायला त्यावर दुसरं काही चोळू नये.

जिल्ह्याचं जुनं नाव मिरवणारी काळी उस्मानाबादी शेळी मटणासाठी आणि जुळ्या करडांसाठी प्रसिद्ध. आता इथल्या बायका तिच्या दुधाचा साबणही करतात. हा उद्योग वाढावा असं मनापासून वाटतं. पण साबण तो साबण. तेलावर कॉस्टिक सोड्याची क्रिया झाल्याशिवाय तो होत नाही, तो अल्कधर्मी असतो आणि मिनिटभरात धुतला जातो. सुरकुती घालवण्याचं काम त्याच्याकडून होणार नाही, आणि तसं सांगून तो विकू नये. घरी करणारांनी वडी चार ते सहा आठवडे मुरू द्यावी. घाईत वापरलेल्या कच्च्या साबणातला सोडा तोंड सोलतो.

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा उपाय. चरकसंहितेत अभ्यंगाचं महत्त्व सांगताना तीन उपमा येतात, तेल पाजलेला घडा, तेल चोळलेलं कातडं आणि वंगण दिलेला गाडीचा आस. अंगाला रोज तेल लावणाऱ्याला म्हातारपण सहज गाठत नाही, असं तिथे म्हटलं आहे. सुरकुती पुसण्याचं काम तेल करत नाही. कातडीतला ओलावा उडू देत नाही, एवढं नक्की करतं. पण कोणतं तेल? सगळी तेलं सारखी नाहीत. ओलेइक आम्ल जास्त असलेलं ऑलिव्ह तेल त्वचेचं कवच सैल करतं, असं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं, आणि ते आपण परदेशी म्हणून महागात घेतो. कवच बांधायला लागतं ते लिनोलेइक आम्ल. आणि ते ज्यात ७० टक्क्यांहून अधिक असतं ती आपली करडई! मराठवाड्याच्या काळ्या रानातलं, कमी पाण्यावर येणारं, काट्यांमुळे काढणीला नकोसं झालेलं आणि सोयाबीन-हरभऱ्यानं मागे सारलेलं पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचं ‘परभणी कुसुम’सारखं वाण दिलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात नवजात बाळांना करडईचं आणि खोबऱ्याचं तेल चोळून अभ्यास झाला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. करडई चोळलेल्या बाळांच्या रक्तात लिनोलेइक आम्ल वाढलेलं आढळलं. म्हणजे हे तेल नुसतं वर बसत नाही, थोडं आतही जातं. बाळाची कातडी मोठ्यांहून पातळ, त्यामुळे तेवढंच आपल्याला लागू होईल असं नाही. पण आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लाकडी घाण्याच्या करडईचे चार थेंब तोंडा-हाताला चोळणं हा स्वस्त, सुरक्षित आणि कोरडेपणाच्या जाळीवर नक्की चालणारा उपाय आहे. तेल ताजं हवं, कारण लिनोलेइक आम्ल लवकर खवट होतं. मुरुमं येणाऱ्यांनी मात्र तोंडाला तेल लावताना बेतानं घ्यावं.

कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, सात-दहा दिवस लावून पाहावी. एका रात्रीत उठणारी आग कळते. उशिरा येणारी ॲलर्जी आठवड्यानं कळते.

इथवर जे सांगितलं त्यातली चूक झाली तर डाग पडतो, पुढे कधीतरी जातो. खरी भीती आहे ती ‘घरगुती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, नाव-पत्ता-घटक काहीच न लिहिलेल्या डब्यांची. अकोल्यातल्या एका घराची हकिकत जानेवारी २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आली होती. घरातली एक तरुण मुलगी ब्युटी पार्लरमधून घेतलेलं क्रीम लावत होती. उजळपणा दिसला म्हणून आई आणि बहीणही लावू लागल्या. पुढे तिघींच्याही मूत्रपिंडांचा विकार निघाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी धागा शोधत क्रीम तपासायला दिलं तेव्हा त्यात पारा निघाला. सौंदर्यप्रसाधनात नकळत राहिलेला पारादेखील दहा लाखांत एका भागाहून जास्त चालत नाही असा भारतातला नियम आहे. त्या क्रीममध्ये तो कित्येक पट होता. ते क्रीम गोरेपणासाठी होतं, सुरकुत्यांसाठी नव्हे, पण गिऱ्हाईक तेच असतं आणि डबीही बहुधा तीच. पारा मेलॅनिन बनू देत नाही, म्हणून तोंड उजळतं. कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी खराब करतो. पाय सुजणं, लघवीला फेस येणं ही त्याची पहिली खूण.

दुसरं लपलेलं औषध म्हणजे स्टेरॉइड. चार दिवसांत चेहरा गुळगुळीत करणारी ट्यूब गावातल्या दुकानात मागितली की मिळते. महिन्या-दोन महिन्यांत कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, केस उगवतात, आणि लावणं थांबवलं की आग आग होते. ज्या कातडीच्या सुरकुत्या घालवायच्या तीच झिजते. २०१८ साली सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळत राहिली. चार दिवसांत गुण देणारं, लेबल नसलेलं काहीही तोंडाला लावू नका, हे मी आर्जवानं सांगतो.

मग खात्रीचं काय आहे? दोनच गोष्टी मोठ्या. एक, ट्रेटिनॉइन, अ जीवनसत्त्वाचं औषधी रूप. अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये त्याचा परिणाम मांडला, १९९५ मध्ये अमेरिकेत बारीक सुरकुत्यांसाठी त्याला मान्यता मिळाली. ते नवं कोलॅजन तयार करवतं, पण काही महिने सोसावं लागतं. साल निघते, ऊन बाधतं आणि गरोदरपणात ते चालत नाही. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच. दुसरी, उन्हापासून बचाव. ऑस्ट्रेलियातल्या नंबूर गावी ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाललेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या कातडीचं वृद्धत्व, मन मानेल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी दिसलं. सनस्क्रीन मात्र घरी करू नये. खोबरेल तेलाला ‘एसपीएफ’ सात-आठ असतो, हा आकडा द्रावण यंत्रात मोजून आलेला आहे, घामेजलेल्या गालावर नव्हे. आणि हवा असतो तो निदान ३०.

सनस्क्रीनची नळी परवडत नाही, घामानं ती उतरते, दर दोन तासांनी खुरपं खाली ठेवून कोण लावणार? हे प्रश्न खरे आहेत. त्याचं उत्तर आपल्या बायकांना आधीच ठाऊक आहे. डोक्यावरून पुढे ओढलेला पदर, वर तोंडाभोवती गुंडाळलेलं सुती फडकं, कामाची मुख्य पाळी सकाळी अकराच्या आत आणि चारनंतर. फक्त फडकं निवडताना एवढं बघावं की ते दाट विणीचं आणि गडद रंगाचं असावं, आणि उजेडासमोर धरलं तर पलीकडचं दिसू नये. विरलेल्या पांढऱ्या ओढणीतून आणि ओल्या कापडातून किरण सहज जातात. ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या प्रवासपुस्तकात तगराहून बैलगाड्यांनी भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात सुती कापडच भरपूर आहे, साधं जाडंभरडंही आणि तलम मलमलही. शेतातल्या दुपारसाठी त्यातलं जाडंभरडंच घ्यावं.